जन्मतःच थोराड

कॉलेजात परिसरशास्त्राचा पेपर दिलेल्या अनेकांनी एक पिरॅमिड वहीत काढलेला असेल. तळाशी २०,८१०, त्यावर ३,३६८, मग ३८३ आणि शेंड्यावर जेमतेम २१. एका चौरस मीटरमागे वर्षाला इतके किलोकॅलरी. वनस्पतींनी सूर्याकडून किती घेतलं, त्यातलं शाकाहारी प्राण्यांपर्यंत किती पोचलं, मांसाहाऱ्यांच्या वाट्याला किती उरलं, त्याचा हा हिशोब. परीक्षेपुरते आकडे पाठ करायचे, पट्टीने चौकटी आखायच्या आणि विसरून जायचं. हे आकडे एका खऱ्याखुऱ्या नदीचे आहेत, त्या नदीवर आजही भाड्याने कयाक मिळते आणि त्या पिरॅमिडच्या तळच्या चौकटीवरून, म्हणजे पाण्याखाली डुलणाऱ्या लांब पात्यांच्या गवतावरून, आपण तरंगत जाऊ शकतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आकडे पाठ करावे लागले नसते.

नदीचं नाव सिल्व्हर. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, ओकाला शहराला लागून. लांबी अवघी आठ किलोमीटर, पुढे ती ओक्लावाहा नदीला मिळते. हॉवर्ड ओडम या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिचा अभ्यास केला आणि १९५७ मध्ये तो प्रसिद्ध केला. जगात एवढ्या नद्या असताना हीच का? कारण ही नदी बदलत नाही. पाण्याचं तापमान बाराही महिने जवळपास २२ अंश, क्षारांचं प्रमाण ठरलेलं, पाणी आरपार स्वच्छ. प्रयोगशाळेत खटपट करून जे स्थिर ठेवावं लागतं, ते इथे आपोआप स्थिर होतं.

कयाकने किंवा कनूने अशा नदीवर जायचा बेत करायचा, तर आपण मराठी माणसांनी आधी बरंच विसरायला हवं. आपली नदी आभाळाच्या तालावर चालते. मृग बरसला की लाल पाणी, श्रावणात दुथडी, माघात खडक उघडे, वैशाखात डबकी. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेल्यांना दुसरा ताल माहीत असतो, भिऱ्याच्या वीजघराचा. पाणी सुटलं की नदी, नाही तर दगड. पाऊस किंवा दरवाजा, यापलीकडे तिसरं काही नदीला चालवत असेल हे आपल्या डोक्यात येत नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपण म्हणतो. त्यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे. महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी कृष्णेची धार ओंजळीत मावते, तिच्याकडे बघून सांगलीच्या पुराची कल्पना येणं शक्य नाही. आपल्या नद्या बारीक जन्मतात आणि ओढेनाले पोटात घेत मोठ्या होतात. सिल्व्हर मात्र जन्मतःच थोराड. जमिनीत एक विवर, त्यातून एकदम नदी बाहेर. झऱ्यांची प्रतवारी करताना सेकंदाला साधारण २,८०० लिटरहून जास्त पाणी देणारा झरा पहिल्या प्रतीचा धरतात. आपल्या ओळखीच्या मापात, दहा हजार लिटरचा टँकर साडेतीन सेकंदांत भरला पाहिजे. फ्लॉरिडात असे तीसहून जास्त झरे आहेत. सिल्व्हर नदी ज्यातून निघते तो सिल्व्हर स्प्रिंग्जचा झरेसमूह त्यातही दांडगा, जुन्या मोजणीप्रमाणे दर सेकंदाला दोनहून जास्त टँकर. दिवसाचे झाले सुमारे २०० कोटी लिटर. मुंबईला दिवसाला जे सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं, त्याच्या निम्म्याहून जास्त. तेही पंप नाही, धरण नाही, पाइप नाही.

हे पाणी येतं कुठून? फ्लॉरिडाखाली चुनखडीचा जाडच्या जाड थर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, त्यातल्या शंखशिंपल्यांचा गाळ साचून हा दगड झाला. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवतं. एका वर्षात काही दिसत नाही, पण लाखो वर्षांत दगडाची चाळण होते. भेगांची भगदाडं होतात, भगदाडांचे बोगदे. आपला सह्याद्री बेसाल्टचा. त्यात पाणी फटींतून, मुरमातून कसंबसं वाट काढतं, म्हणून आपले झरे बारीक. तिथे मात्र चार राज्यांच्या पोटाखाली सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर पसरलेला पाण्याचा साठा आहे. जवळजवळ महाराष्ट्राएवढा, फक्त जमिनीखाली. फ्लोरिडन जलधर म्हणतात त्याला. उंच भागात मुरलेल्या पाण्याचा दाब सखल भागात, जिथे दगड उघडा पडलाय तिथे, पाणी वर ढकलतो. हा झाला झरा.

त्याचं तोंड जवळून बघायचं तर मुख्य झऱ्यापेक्षा बाजूचे लहान उमाळे बघावेत. वल्हं आडवं धरायचं, होडी स्थिर होऊ द्यायची आणि खाली बघायचं. तळाशी ताटाएवढ्या जागेत पांढरी वाळू उकळत असते. उकळते म्हणजे अगदी चुलीवरच्या भातासारखी, मधून वर येते, कडेला सांडते, पुन्हा मध्ये ओढली जाते. पाणी हाताला कोमट देखील नाही. प्रत्येक कण वेगळा दिसतो. मधूनच एखादा शंखाचा तुकडा वर फेकला जातो, उलटा होतो, पडतो. हे रात्रंदिवस चालू असतं. दुसरी गोष्ट सावलीची. ऊन असेल तर होडीची सावली पाण्यावर पडत नाही, थेट तळावर पडते, आणि आपल्याबरोबर गवतावरून, माशांच्या पाठीवरून पुढे सरकते. विमानातून आपल्याच विमानाची सावली शेतांवरून जाताना पाहिली असेल, तसं. काही सेकंद पोटात गोळा येतो. पाणी आहे हेच विसरायला होतं.

या स्वच्छतेने होडीच्या रचनेवरही परिणाम केला. तळाला काच बसवलेली होडी इथेच, १८७८ च्या सुमारास, हलम जोन्स नावाच्या माणसाने चालवली असं सांगतात. अशा होड्या आजही प्रवाशांना घेऊन फिरतात आणि त्यांना वाट द्यायची जबाबदारी कयाकवाल्याची. आता तर सगळीच पारदर्शक असलेली प्लास्टिकची कयाकही भाड्याने मिळते. माझं मत विचाराल तर घेऊ नका. नेहमीच्या कयाकच्या कडेवरून वाकून जे दिसतं तेच तिच्यातून दिसतं, फक्त मांड्यांच्या मधून.

आता बेत. पहिला प्रश्न, कधी जायचं? नदीला विचाराल तर केव्हाही. २२ अंश हे त्या भागातलं वर्षभराचं सरासरी तापमान आहे. जमिनीखाली काही मीटरवर ऋतू पोचतच नाहीत, म्हणून पाणी तीच सरासरी घेऊन बाहेर येतं. जुलैत ते गार वाटतं, जानेवारीत ऊबदार. डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या पहाटे हवा पाच अंशांवर आलेली असते आणि नदी वाफाळत असते. फोटोसाठी ही वेळ उत्तम, बोटांसाठी नाही. उन्हाळ्यात पाऊस नदीला फुगवत नाही, पण विजा पडतात. जून ते सप्टेंबर दुपारनंतर ढग जमतात आणि फ्लॉरिडाच्या विजांशी खेळ करू नये. सकाळी आठला पाण्यात, दुपारी एकच्या आत काठावर.

दुसरा प्रश्न पाण्याच्या पातळीचा, आणि इथे नवखा हमखास फसतो. झऱ्याच्या नदीला स्वतःचा पूर जवळपास येत नाही. पण ती ज्या नदीला मिळते तिला येतो. इचेटक्नी ही अशीच दुसरी सुंदर झऱ्याची नदी. तिचं पाणी सांता फे नदीत जातं, सांता फेचं सुवानीत. या मोठ्या नद्या दलदलीतून, झाडपाल्यातून वाहत येतात, म्हणून त्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं. त्या फुगल्या की हा चहा झऱ्याच्या नदीत मागे लोटला जातो आणि निळं पाणी तपकिरी होतं. सुवानीच्या काठावरचे काही झरे तर महापुरात उलटे चालतात, नदी पिऊ लागतात. तेव्हा बेत ठरवताना आपल्या नदीची पातळी बघून उपयोग नाही, तिच्या सासरची बघावी लागते.

तिसरं, परतीचं गणित. आपल्याकडे नदीत होडी घालायची म्हणजे वरून खाली यायचं आणि तिथे गाडी उभी असायला हवी. इथेही तसं करता येतं. वर सोडून खाली ओक्लावाहाच्या संगमाजवळच्या धक्क्यावर उतरायचं, होडीवाले गाडीने आणून सोडतात. पण प्रवाह एकसारखा असल्याने त्याच वाटेने उलटं वल्हवत परत येणंही शक्य असतं. यात एक सापळा आहे. पाण्याला लाट नाही, खळखळ नाही, त्यामुळे वेग कळत नाही. आपण गप्पा मारत खाली जातो, वाटतं आपणच छान वल्हवतोय. परत वळल्यावर कळतं कोण वल्हवत होतं. म्हणून सोपा हिशोब ठेवावा. हातात तीन तास असतील तर खाली जाताना पहिल्याच तासाला वळायचं. दमलात तर काठाच्या आतल्या वळणाने, लव्हाळ्याच्या कडेने या. तिथे ओढ कमी असते. आधी वर आणि मग खाली असा मार्ग जिथे मिळतो तिथे तोच घ्यावा, कारण थकलेल्या माणसाला नदीने घरी आणून सोडण्यासारखं दुसरं सुख नाही.

होडी कुठली, यावर लोक तासनतास वाद घालतात, मी घालणार नाही. दोघांना गप्पा मारायच्या असतील तर कनू, अबोला असेल तर दोन कयाक. फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे होडीत माणशी एक लाइफ जॅकेट असावंच लागतं, सहा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलं असावं लागतं, आणि जवळ शिट्टी हवी. सिल्व्हर नदीत पोहायला बंदी आहे. इचेटक्नीत पोहता येतं, पण तिथे पाण्यावर खाण्याचे पदार्थ आणि वापरून फेकायच्या वस्तू न्यायला मनाई. पाणी पक्क्या झाकणाच्या बाटलीतून न्यायचं. सहलीला निघताना पहिली पिशवी चिवड्याची भरणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम जड जाईल, पण एकदा त्या पाण्यात तळाशी पडलेलं प्लास्टिकचं झाकण वीस फुटांवरून चमकताना पाहिलं की नियम करणाऱ्याचा राग येत नाही.

मगरींविषयी सगळे विचारतात. तिथल्या ॲलिगेटर. काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, दिसणारच. अंतर ठेवायचं, खायला काही टाकायचं नाही, आणि कुत्रं होडीत न्यायचं नाही. त्यापेक्षा बघायची गोष्ट पाण्याबाहेरच्या देठांवर असते. मोत्यांच्या घोसासारखी फिकट गुलाबी अंडी. ती ॲपल स्नेल नावाच्या मोठ्या गोगलगाईची. या गोगलगाईवर लिम्पकिन नावाचा तपकिरी पक्षी जगतो आणि रात्री असा ओरडतो की तंबूतल्या माणसाची झोप उडावी. मॅनेटी, म्हणजे डुगाँगची अवाढव्य भावंडं, बघायची असतील तर हिवाळा गाठावा. समुद्राचं पाणी २० अंशांखाली गेलं की ती झऱ्यांच्या उबेला येतात. पण ब्लू स्प्रिंग नावाच्या झऱ्यावर, जिथे ती मोठ्या संख्येने जमतात, तिथे त्या मोसमात होडी घालताच येत नाही, काठावरच्या लाकडी वाटेवरून बघायचं. सिल्व्हरवर ती कमीच दिसतात, कारण खाली ओक्लावाहावर १९६८ मध्ये बांधलेलं धरण आडवं आहे. ते ज्या जहाजी कालव्यासाठी बांधलं त्या कालव्याचं कामच १९७१ मध्ये थांबवलं गेलं. धरण राहिलं.

या पाण्यावर माणसांची वहिवाट फार जुनी आहे. २००० साली दुष्काळात जवळच्या गेन्सव्हिल शहरालगत न्यूनन्स तळं आटलं, आणि चिखलात काही शाळकरी मुलांना लाकडाची टोकं दिसली. मोजता मोजता १०१ होड्या निघाल्या, एकेका खोडातून जाळून आणि खरवडून कोरलेल्या. सर्वांत जुन्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या. भाड्याची प्लास्टिक कयाक ढकलताना हे आठवावं. वहिवाटीची दुसरी आठवण कडू आहे. सिल्व्हर स्प्रिंग्जच्या मुख्य बागेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी नदीच्या थोडं खाली १९४९ मध्ये पॅरडाइज पार्क उघडलं, ते १९६९ पर्यंत चाललं. पाणी तेच, काठ वेगळा. १९२७ चं महाडचं चवदार तळं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर आणखी काही सांगायला नको.

आता पुन्हा मुळाकडे. झऱ्यावर होडी उभी केली की वाटतं, नदीचं मूळ सापडलं. सापडलेलं नसतं. ते तर फक्त दार. वेस स्काइल्स यांनी २००३ मध्ये केलेल्या एका माहितीपटात हे जे दाखवलं ते मी विसरू शकलेलो नाही. पाणगुहांत उतरणाऱ्या जिल हाइनर्थ आणि त्यांचे साथीदार पाण्याने भरलेल्या अंधाऱ्या बोगद्यांतून पोहत जातात. त्यांच्याजवळ संदेश पाठवणारं यंत्र आहे. वर जमिनीवर दुसरी मंडळी तो संदेश पकडत त्यांच्या नेमकं डोक्यावरून चालतात. वाट जाते रस्त्यावरून, गोल्फच्या मैदानातून, थेट एका उपाहारगृहात. लोक जेवतायत, आणि त्यांच्या टेबलाखाली, दगडाखाली, माणसं पोहतायत.

नदीचं मूळ म्हणजे ही हिरवळ, हे पार्किंग, ही शौचालयाची टाकी. हिरवळीवर टाकलेलं खत आणि टाकीतला पाझर पावसाबरोबर खाली जातो, कारण चाळणीला निवड करता येत नाही. एरवी झऱ्याच्या पाण्यात नायट्रेट नाममात्र असतं. फ्लॉरिडाने झऱ्यांसाठी मर्यादा ठरवली लिटरला ०.३५ मिलिग्रॅम, आणि सिल्व्हरच्या मुख्य झऱ्यात ते १ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं आहे. म्हणून पात्यांवर शेवाळाची दाढी दिसते. ओडमच्या पिरॅमिडमधली तळची चौकट बदलते आहे. उपसा वाढल्याने पाणीही पूर्वीइतकं राहिलं नाही. काही पाणी जमिनीखालून दिवसांत पोचतं, पण बरंचसं दशकं घेतं. आज तुमच्या होडीखालून उसळणारं पाणी कदाचित तुमच्या शाळेच्या दिवसांतल्या पावसाचं असेल, आणि आज खत बंद केलं तरी त्याचं फळ तुमच्या मुलांच्या कयाकखाली दिसेल. तेव्हा या नदीवर जायचं ठरवलंत तर नकाशात नदीची निळी रेघ बघून थांबू नका. तिच्या आजूबाजूचा, जिथे एकही ओढा दाखवलेला नाही तो कोरा भाग बघा. ओढे नाहीत, कारण सगळं पाणी खाली गेलंय. पाणलोट क्षेत्र ते आहे.

एक राहिलं. सिल्व्हरच्या काठावर माकडं आहेत. तीच, आपल्या उत्तर भारतातली लाल तोंडाची रीसस माकडं, फ्लॉरिडाच्या सायप्रस वृक्षांवर. टारझनच्या चित्रीकरणातून पळालेली, असं होडीवाले ठोकून देतात. ते खरं नाही. १९३० च्या दशकात टूई नावाच्या एका सफर चालवणाऱ्याने पर्यटकांना जंगलाचा देखावा मिळावा म्हणून ती नदीतल्या बेटावर सोडली. या गृहस्थाचं पहिलं नावच कर्नल होतं, सैन्याशी संबंध नाही. बेटाभोवती पाणी आहे, माकडं जातील कुठे, असा त्याचा हिशोब. ही माकडं उत्तम पोहतात हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं. ती लगेच पोहत पलीकडे गेली आणि आज त्यांच्या टोळ्या आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात माणसाला घातक ठरू शकणारा हर्पीस बी हा विषाणू असतो. फांदी पाण्यावर झुकलेली असेल तर तिच्याखाली होडी नेऊ नका, आणि केळी गाडीतच ठेवा. २०१८ पासून त्यांना खायला घालणं तिथे कायद्याने बंद आहे.